जुनी जीप वाचताना

मोटारींचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या कागदपत्रांवरून लिहिला जातो. जीपच्या इतिहासाचा बराच भाग मात्र बोल्टांच्या डोक्यांवर आणि लोखंडी पट्ट्यांवर कोरलेला आहे. ज्याला जुनी जीप विकत घेऊन रस्त्यावर आणायची आहे, त्याला हा इतिहास वाचता आला नाही तर पैसे जातात, आणि कधी कधी जीवही धोक्यात येतो. आम्ही काही सहकाऱ्यांनी मिळून भंगारात निघालेली एक जीप घेतली आणि चालती केली. त्या निमित्ताने जे शोधावे लागले, ते शिक्षकांना वर्गात उपयोगी पडेल असे वाटते. घर्षण, पास्कलचा नियम, ओहमचा नियम आणि दुसरे महायुद्ध हे सारे धडे एकाच गाडीत सापडतात, तेही हात काळे करून शिकण्यासारखे.

चारही चाकांना इंजिनाची शक्ती देण्याची कल्पना जीपहून जुनी आहे. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनी १९०३ साली अशी एक मोटार तयार केली होती. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल गावात ओटो झाकोव्ह आणि विल्यम बेसरडिच या यंत्रकारांनी १९०८ मध्ये चारही चाकांना शक्ती पोचवण्याच्या रचनेचे पेटंट मिळवले. त्यांच्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात चिखलातून तोफगोळे वाहत होते. पण हे सारे अवजड वाहनांचे काम होते. माणसांनी उचलून खड्ड्याबाहेर काढावी इतकी हलकी गाडी, आणि तिची चारही चाके ओढणारी, ही कल्पना १९४० पर्यंत प्रत्यक्षात आली नव्हती.

११ जुलै १९४० रोजी अमेरिकी लष्कराने १३५ उत्पादकांना निविदा पाठवल्या. अट अशी की गाडीचे वजन १,३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलोच असावे आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मिळावा. फ्रान्स पडला होता, त्यामुळे घाई समजण्यासारखी होती. वजनाची अट मात्र अशक्य होती. १३५ पैकी दोघांनीच उत्तर दिले. एक पेन्सिल्व्हेनियातील बटलर गावची, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरची बँटम कंपनी, आणि दुसरी टोलेडोची विलीज-ओव्हरलँड. बँटमने डेट्रॉइटचे स्वतंत्र अभियंता कार्ल प्रॉब्स्ट यांना बोलावले. दोन दिवसांत त्यांनी आराखडा कागदावर उतरवला. २३ सप्टेंबर १९४० ला नमुना-गाडी बटलरहून स्वतःच्या चाकांवर निघाली आणि बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड छावणीत मुदत संपायला अर्धा तास उरला असताना पोचली. वजन अर्थातच ठरल्यापेक्षा बरेच जास्त भरले. लष्करानेही पुढे ही अट सैल करून २,१६० पौंडांवर आणली.

बँटमचा आराखडा लष्कराने विलीज आणि फोर्ड या दोघांनाही पाहू दिला. न्याय-अन्यायाचा विचार केला तर बँटमवर अन्याय झाला, यात आम्हाला शंका वाटत नाही. पण विलीजकडे एक गोष्ट होती जी इतरांकडे नव्हती. बार्नी रूस यांनी सुधारलेले २,१९९ घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन ६० अश्वशक्ती देत असे. इतर दोन्ही नमुन्यांची शक्ती ४५ च्या आसपास होती. इंजिन दणकट तसे जडही होते. सांगतात की वजन मर्यादेत बसवण्यासाठी विलीजने बोल्टांची नटाबाहेर उरणारी टोके कापली आणि रंगाचा एकच हात दिला. जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांची मागणी विलीजला मिळाली. पुढे मागणी इतकी वाढली की तोच आराखडा फोर्डलाही बनवायला दिला गेला. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या काढल्या. बँटमच्या वाट्याला पावणेतीन हजारांच्या आत-बाहेर गाड्या आल्या, आणि नंतर जीपमागे जोडायचे ट्रेलर.

दोन कारखाने, एक आराखडा. सुटे भाग एकमेकांना बसलेच पाहिजेत, अशी अट होती, म्हणून वरवर पाहता गाड्या सारख्याच. तरी फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, वळणदार 'एफ' अक्षर उमटवले. दुसऱ्याचा भाग निकामी झाला तर दोष आपल्यावर येऊ नये, हा त्यामागचा हेतू असावा. चासीच्या पुढच्या टोकाला, रेडिएटरखाली, दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा तुकडा विलीजमध्ये गोल नळीचा असतो आणि फोर्डमध्ये उलट्या 'यू'सारखा पत्र्याचा. विलीजचा क्रमांक पुढच्या बंपरमागे चासीच्या आतल्या बाजूस पट्टीवर असतो. फोर्डचा क्रमांक चासीच्या डाव्या पट्टीवर, इंजिनाजवळ, थेट ठोकलेला असतो. पुढची जाळीही बोलते. विलीजच्या सुरुवातीच्या पंचवीसेक हजार गाड्यांना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ फटींची स्वस्त, हलकी जाळी फोर्डने आणली आणि ती दोघांची झाली. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात फटी आणि मोठे दिवे आले, शिवाय मागे उघडणारे फळकूट आणि पेट्रोल भरायचे तोंड बाहेर. लष्करी जीपची टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखाली आणि भरायचे तोंडही तिथेच असे. पेट्रोल भरताना ड्रायव्हरला उठावे लागे.

ही माहिती घेऊन आम्ही गाडीखाली शिरलो. विकणाऱ्याने 'विलीज, महायुद्धातली' असे सांगितले होते. आरसी बुकात विलीज जीप असे नाव आणि १९५० च्या दशकातले साल होते. बॉनेटखाली डिझेल इंजिन होते. जाळीला सात फटी आणि मागे फळकूट. पण रेडिएटरखाली आडवा तुकडा उलट्या 'यू'चा. डाव्या पट्टीवरचा रंग आणि गंज तारेच्या ब्रशने काढल्यावर फोर्डचा क्रमांक दिसू लागला. मागच्या पाट्यांच्या शॅकलवर दोन बोल्ट 'एफ'चे निघाले. म्हणजे चासी युद्धातली फोर्डची, शरीर नंतरच्या नागरी जीपचे, इंजिन त्याहून नंतरचे, आणि कागद तिसऱ्याच काळाचा. पुरातत्त्वाच्या उत्खननात जसे एकावर एक थर लागतात, तसेच हे. यात कोणी फसवले असे समजण्याचे कारण नाही. लष्कराच्या लिलावात घेतलेली गाडी ज्या साली नागरी नोंदणीला आली, ते साल कागदावर आले. पेट्रोल महागले तेव्हा मालकाने डिझेल इंजिन बसवले. पत्रा सडला तेव्हा जो मिळाला तो टप घेतला. भारतातल्या बहुतेक जुन्या जीपगाड्यांची कहाणी अशीच असते.

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, हा थोडा निराळा इतिहास आहे. ईशान्येकडे लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनपर्यंत जो रस्ता काढला गेला, त्यावरून पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ ला निघून ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. जीप या साऱ्या आघाडीवर होती. ब्रह्मदेशात इंजिने निकामी झालेल्या रेल्वेवर दोस्तांनी जीपला रुळांवर चालणारी चाके बसवून तिच्याकडून डबे ओढून घेतले. युद्ध संपल्यावर शिल्लक माल विक्रीस निघाला आणि जगभर जुन्या जीपचा बाजार उभा राहिला.

या बाजारात आपले नवजात सरकारही उतरले होते. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईमुळे लष्कराला जीपची निकड होती. लंडनमधील तत्कालीन उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या कार्यालयाने एका परदेशी कंपनीशी जुन्या, दुरुस्त केलेल्या २,००० जीपगाड्यांचा करार केला. प्रत्यक्षात १५५ गाड्या भारतात पोचल्या आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले. संसदेत गदारोळ झाला, चौकशीची मागणी झाली, आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद झाल्याचे जाहीर केले. राजकारणाचा भाग इतरत्र पुष्कळ लिहिला गेला आहे. आम्हाला त्यात दिसते ती जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाची अडचण. रंग ताजा असतो, इंजिन दोन मिनिटे सुरू करून दाखवले जाते, आणि गाडी खरोखर धडधाकट आहे की नाही हे ती उघडल्याशिवाय कळत नाही. 'दुरुस्त केलेली' या शब्दाला मोजमाप नसते.

मुंबईतील वाट वेगळी होती. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. त्याच दशकाच्या अखेरीस सुट्या भागांच्या पेट्यांतून आलेल्या विलीज जीपगाड्या मुंबईत माझगावला जोडल्या जाऊ लागल्या. पुढे भाग इथेच बनू लागले. १९५२ च्या समुदाय विकास योजनेनंतर बीडीओची जीप गावोगाव दिसू लागली. पाटबंधारे खाते, हिवताप निर्मूलनाचे कर्मचारी, निवडणुकीचे उमेदवार, सगळ्यांची हीच गाडी. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांनी शाळातपासणीच्या दिवशी तिचा धुरळा लांबूनच ओळखला असेल.

आता यंत्राकडे वळू. जीपची ताकद तिच्या इंजिनात आहे असा सार्वत्रिक समज आहे. हिशेब करून पाहावा. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळाचे बळ, सुमारे १४२ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.६७, ट्रान्सफर केसमधील संथ गिअरचे १.९७ आणि डिफरन्शियलचे ४.८८. तिन्हींचा गुणाकार जवळजवळ २५.७. चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर धरली तर चाकांच्या कडेशी मिळणारे बल १४२ × २५.७ ÷ ०.३५, म्हणजे सुमारे १०,४०० न्यूटन. गाडीचे वजन अकराशे किलो, म्हणजे सुमारे ११,००० न्यूटन. इंजिन गाडीच्या वजनाइतके बल देते! घर्षणातील हानी सोडली तर गाडी जवळजवळ उभी भिंत चढेल. चढत नाही, कारण जमीन तेवढे बल घेऊ देत नाही. कोरड्या मातीवर घर्षण गुणांक ०.६ मानला, तर सपाटीवर चारही चाकांना मिळून ६,६०० न्यूटनच बल मिळते. फक्त मागची दोन चाके ओढत असतील आणि त्यांच्यावर निम्मे वजन असेल तर ३,३०० न्यूटन. उतारावर हाच फरक कोनात दिसतो. चारही चाके ओढत असतील तर चढाचा सर्वांत मोठा कोन असा की ज्याचा टॅन ०.६, म्हणजे ३१ अंश. दोनच चाकांवर तो १७ अंशांच्या आसपास उतरतो. (चढावर वजन मागे सरकते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडा जास्त.) चिखलात घर्षण गुणांक निम्मा झाला की दोन्ही कोन जवळपास निम्मे होतात. जीपच्या बाबतीत दुर्मीळ गोष्ट शक्ती नव्हे, पकड आहे. ती वाटून घेण्यासाठी पुढची चाके कामाला लावायची.

पण पुढची चाके वळतातही. वळणारे चाक फिरवायचे तर मध्ये सांधा हवा. आपल्या परिचयाचा क्रॉसचा सांधा, ज्याला हूकचा किंवा कार्डनचा सांधा म्हणतात, तो कोनात असताना एकसारखा फिरत नाही. आत येणारा दांडा स्थिर वेगाने फिरला तरी बाहेरच्या दांड्याचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. कोन ३० अंश असेल तर तो मूळ वेगाच्या ०.८७ ते १.१५ पट असा हेलकावतो. स्टिअरिंग धरलेल्या हातांना ते थरथरीतून जाणवले असते. यावर उपाय निघाले १९२० च्या दशकात. कार्ल वाइस आणि आल्फ्रेड झेप्पा यांनी गोळ्यांचे समवेगी सांधे केले, फ्रान्समध्ये ग्रेगॉर यांनी गोळ्यांवाचून चालणारा ट्रॅक्टा सांधा आणला. युद्धात जो हाती येईल तो वापरला गेला, त्यामुळे जीपच्या पुढच्या आसात यांपैकी कोणताही निघू शकतो. विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल तर ट्रॅक्टरच्या शाफ्टचा जुना क्रॉस मिळवावा आणि दोन्ही टोकांना कोनमापक लावून दर १५ अंशांना नोंद घ्यावी. आलेख स्वतःच बोलतो.

दुसरी अडचण वळणाची. एका आसावरची डावी-उजवी चाके वेगळ्या वेगाने फिरावीत म्हणून डिफरन्शियल असते, त्याची कल्पना १८२७ मध्ये पेकर यांनी मांडली. पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये मात्र जीपमध्ये डिफरन्शियल नाही. लहानात लहान वळण घेताना पुढच्या आसाचा मध्य साधारण ५.३ मीटर त्रिज्येवर फिरतो, तर मागचा ४.९ मीटरवर. काटकोनात वळेपर्यंत दोघांच्या प्रवासात सुमारे ६३ सेंटीमीटरांचा फरक पडतो. चिखलात चाके घसरून हा फरक मिटवतात. डांबरावर घसरायला जागा नाही, मग शाफ्ट पिळले जातात, गिअर अडकतो आणि शेवटी काहीतरी तुटते. म्हणूनच पुढची चाके जोडण्याची दांडी वेगळी ठेवली आहे आणि ती पक्क्या रस्त्यावर ओढायची नसते. आमच्या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये दातांच्या कडा तुटलेल्या निघाल्या. कोणीतरी वर्षानुवर्षे डांबरावर फोर-व्हील लावून ती हाकली होती.

रस्त्यावर आणण्याची तयारी आम्ही इंजिनापासून केली नाही. आधी चासी, मग ब्रेक, मग स्टिअरिंग आणि शेवटी इंजिन, हा क्रम आमच्या मिस्त्रींनी घालून दिला आणि तो बरोबर होता. बंद पडलेले इंजिन गाडी थांबवते, न लागणारे ब्रेक थांबवत नाहीत. चासी हातोडीने ठोकून पाहिली. धड लोखंड खणखणते, सडलेले बद्द वाजते. पाट्यांच्या कंसाजवळ दोन जागी बद्द आवाज आला, तेथे कापून नवे तुकडे जोडले. किंगपिनचे बेअरिंग आणि स्टिअरिंगचे बॉल-जॉइंट बदलले.

ब्रेकवर बराच खल झाला. मूळ जीपमध्ये चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर आहे. पास्कलच्या नियमाने पायाचा दाब चारही चाकांपर्यंत सारखा पोचतो हे त्याचे सौंदर्य, आणि एका चाकाशी नळी फुटली की दाब चारही चाकांचा जातो हा त्याचा धोका. हँडब्रेक उरतो, पण जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर आहे. तो शाफ्ट किंवा आस तुटला तर त्याचाही उपयोग नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते, जुनी वस्तू जपायची तर जशी होती तशीच जपावी. त्यात तथ्य आहे. पण ही गाडी काचेच्या पेटीत राहणार नव्हती, घाटात उतरणार होती, आणि समोरून येणाऱ्या सायकलस्वाराने आमच्या इतिहासप्रेमाची किंमत का द्यावी? दोन स्वतंत्र कप्प्यांचा मास्टर सिलिंडर पायाखालीच, बाहेरून न दिसेल असा बसवला. जुना सिलिंडर साफ करून खोक्यात ठेवला आहे.

विजेचा प्रश्न याहून सोपा होता. मूळ जीप ६ व्होल्टची. ४५ वॉटच्या दिव्याला ६ व्होल्टवर ७.५ अँपिअर धारा लागते, १२ व्होल्टवर ३.७५. गंजलेल्या जोडाचा रोध ०.१ ओहम असला तर पहिल्या व्यवस्थेत ०.७५ व्होल्ट, म्हणजे आठवा हिस्सा, वाटेतच जातो. दुसरीत फक्त बत्तिसावा. जुन्या जीपचे दिवे पिवळट का असत, याचे उत्तर बहुतेक वेळा बल्बमध्ये नसून चासीला घट्ट न बसलेल्या अर्थिंगच्या तारेत असते. डिझेल इंजिनामुळे आमची गाडी आधीच १२ व्होल्टवर आलेली होती, ती तशीच राहू दिली.

डिझेल इंजिन मात्र काढले. एका शेतकऱ्याकडे पाण्याच्या पंपाला जोडलेले त्याच घराण्यातले पेट्रोल इंजिन मिळाले. कॉम्प्रेशन मोजले तर दोन सिलिंडर खाली. प्रत्येकात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले, तेव्हा एकाचे वाढले, म्हणजे रिंगा झिजलेल्या. दुसऱ्याचे तसेच राहिले, म्हणजे व्हॉल्व्ह गळत होता. इंजिन न उघडता रोगनिदान करण्याची ही जुनी युक्ती आहे. लेथवाल्याकडे आठ दिवस काम चालले. इंजिन बदलल्याची नोंद १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आरसीवर करून घ्यावी लागते, ती केली.

कागदाचा एक प्रश्न त्यानंतरही उरला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, शर्यतफेरी, तांत्रिक संशोधन अशा कामांनाच रस्त्यावर काढता येते. गाडी मूळ रूपात हवी, आणि चासी, शरीर वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आमच्या गाडीचे मूळ रूप कोणते? १९४३ ची फोर्डची चासी, की लिलावानंतर नोंदवलेली नागरी जीप? पेट्रोल इंजिन परत बसवून आम्ही तिला मूळ रूपाजवळ नेले, की आणखी एक फेरबदल केला? अर्ज करायचे ठरले, तेव्हा त्यासोबत तीन छायाचित्रे जोडली: उलट्या 'यू'चा तो आडवा तुकडा, डाव्या पट्टीवरचा क्रमांक आणि 'एफ' असलेले दोन बोल्ट. आरसीतले साल आणि चासीचे साल वेगळे का आहे, याची पानभर टीप मराठीतून लिहून वर टाचली.